एलागाबालस आणि त्याचे साक्षीदार

इ.स. 218 साली सीरियातल्या एमेसा, म्हणजे आजच्या होम्स शहरातला सूर्यदेवाचा एक पोरसवदा पुजारी रोमचा सम्राट झाला. चार वर्षांत रक्षक सैनिकांनीच त्याला आईसह ठार केले आणि त्याचे प्रेत टायबर नदीत फेकले. देवाच्या नावावरून पुढे तो एलागाबालस म्हणून ओळखला गेला. इतिहासकार कॅसियस डायो सांगतो, की हा सम्राट हिरोक्लीस नावाच्या सारथ्याला नवरा मानी, स्वतःला बाईसाहेब म्हणवून घेई आणि शस्त्रक्रियेने आपल्याला स्त्री करणाऱ्या वैद्याला भरघोस द्रव्य देऊ करी. 2023 मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्थ हर्टफर्डशायर म्युझियमने मुख्यतः याच आधारावर त्याचा उल्लेख स्त्रीलिंगी करायचे ठरवले.

हा आधार एवढा भार पेलेल असे मला वाटत नाही. डायो सिनेटर होता, पण या राजवटीचा बराच काळ तो रोमबाहेर, आशिया मायनरमध्ये होता. खुनानंतर गादीवर आलेल्या अलेक्झांडरबरोबर तो 229 साली कॉन्सल झाला. गेलेल्याला काळे फासले की आलेल्याचा हक्क आपोआप उजळतो. दुसरा समकालीन, हिरोडियन. त्याच्याकडे शस्त्रक्रियेची गोष्टच नाही. त्याला खुपतात ते रेशमी जांभळे कपडे, रंगवलेला चेहरा आणि वेदीभोवतीचा नाच. हा तर बहुतांशी सीरियन पुजाऱ्याचा थाट! ‘हिस्टोरिया ऑगस्टा’ हा सम्राटांच्या चरित्रांचा संग्रह फार उशिराचा आणि थापांनी भरलेला. सम्राटाच्या स्वतःच्या नाण्यांवर मात्र पुजारीपणाचा अभिमान दिसतो, शेवटच्या काही नाण्यांवर तर दाढीही.

कोणी विचारेल, एवढे बारीक तपशील हवेतून येतील का? काही खरेही असतील. पण चरित्रकार सुएटोनियसने सम्राट नीरोलाही नवरी बनवले आहे. नकोशा सत्ताधीशाला बायकी ठरवणे ही रोमन निंदेची ठरलेली रीत होती. मग या शंकेने आपण परलिंगी माणसांना इतिहासातून हाकलतो, असा आक्षेप येईल. तो गंभीर आहे. अशी माणसे तेव्हाही असणार, हे मी नाकारत नाही, आणि एलागाबालस त्यांपैकी नव्हता असेही मी म्हणत नाही. माझी हरकत शत्रूने शिवी म्हणून लिहिलेला मजकूर त्या मुलाचा जबाब म्हणून वाचण्याला आहे. म्युझियमने सर्वनाम हवे ते वापरावे, पण तिथे ठेवलेल्या एलागाबालसच्या नाण्याखालच्या पाटीवर डायोचे नाव आणि त्याचे 229 सालचे कॉन्सलपदही छापावे.