संगणक उठत नाहीं तेव्हां



आज ज्या विषयावर मी बोलणार आहें, त्यांत माझा अधिकार काय, असें कोणी विचारील तर उत्तर सरळ आहे : कांहीं नाहीं. मॅट्रिक होऊन शिक्षक झालेला, सारा जन्म मराठी शाळेंत फळा पुसलेला आणि आतां साठी उलटलेला असा मी एक गृहस्थ आहें. संगणकशास्त्र मी कोठेंहि शिकलों नाहीं. परंतु ज्याला ठेंच लागली, त्याला वाटेंतला दगड कोठें आहे हें सांगण्याचा थोडा अधिकार असतो. तेवढ्याच आधारावर मी आपणांपुढें आलों आहें.

विषय असा : एकाच संगणकांत दोन कार्यप्रणाली नांदत असल्या, आणि एखाद्या सकाळीं तो संगणक सुरूच होईना, तर काय करावें ? कार्यप्रणाली म्हणजे सर्वजण जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती. बहुतेक घरीं विंडोज असते. तिच्या शेजारीं लिनक्स ही दुसरी प्रणाली विनामूल्य बसवितां येते. लिनक्सचा गाभा फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं, विद्यार्थी असतांना, प्रसिद्ध केला. विंडोज १० ची नेहमींची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. ज्यांचा जुना संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीं, त्यांच्यापुढें लिनक्सचा मार्ग आहे. म्हणून हा प्रश्न घरगुती आहे असें मी समजतों.

प्रथम माझी फजिती सांगतों. माझ्या जुन्या संगणकावर एका विद्यार्थ्यानें विंडोजच्या जोडीला लिनक्स बसवून दिली होती. मी तिकडे फारसा फिरकत नसें. माझें काम एकच : माझी आई, मावशी आणि गांवच्या म्हाताऱ्या बायका यांच्या तोंडून उतरून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या विंडोजमध्यें टंकित करणें. हें काम आठ वर्षें चाललें होतें. सांगणाऱ्यांपैकीं बहुतेकजणी आतां या जगांत नाहींत. मूळच्या वह्या पावसाच्या गळतीनें गेल्या. राहिलें तें संगणकांत, आणि तेंहि एकाच प्रतींत.

एके दिवशीं जागा अपुरी पडूं लागली. विंडोजमध्यें डिस्कचे भाग दाखविणारी एक सोय असते. तींत मला एक मोठा भाग नांवाशिवाय पडलेला दिसला. अडगळीचा कोपरा झाडावा, तशा निश्चिंत मनानें मीं तो पुसून टाकला. तो लिनक्सचा भाग होता. दुसऱ्या सकाळीं बटण दाबलें तों काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरें उमटलीं : असा भाग अस्तित्वांत नाहीं. खालीं 'ग्रब रेस्क्यू' एवढे दोन शब्द, आणि पुढें लुकलुकणारी रेघ. लिनक्स तर गेलीच होती, पण विंडोजहि येईना.

संगणक दुरुस्तीच्या दुकानांत नेला. तेथल्या गृहस्थांनीं पडदा क्षणभर पाहिला आणि म्हटलें, "काका, फॉरमॅट करावा लागेल."

"म्हणजे आंतलें सगळें ?"

"जाणार."

मी होय म्हणण्याच्या बेतांत होतों. पण तोंडांतून शब्द निघेना. "उद्यां सांगतों," असें म्हणून संगणक घरीं आणला. पत्नीनें हकीकत ऐकली आणि म्हटलें, "कुलूप अडकलें म्हणून कोणी घर पाडतें का ? आधीं त्या मुलाला विचारा तरी."

विद्यार्थी आतां पुण्यास नोकरीवर असतो. फोनवर तो म्हणाला, "गुरुजी, पडद्यावर काय लिहिलें आहे तें जसेंच्या तसें वाचा." मीं वाचलें. "मग डिस्क जिवंत आहे, गुरुजी. हीं अक्षरें डिस्कवरूनच आलीं आहेत. ती मेली असती तर हें बोललें कोण ?"

हें वाक्य ऐकून माझ्या जिवांत जीव आला. त्याचा अर्थ मागाहून त्यानें मला समजावून दिला, तो मी आपणांस सांगतों.

संगणक सुरू होणें ही एक क्रिया नसून हातोहात चालणारी साखळी आहे. बटण दाबल्याबरोबर प्रथम जागा होतो तो मदरबोर्डच्या चिपमधील एक लहानसा प्रोग्राम. १९८१ च्या आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरपासून त्यास बायॉस म्हणत आले. तो यंत्राची तपासणी करतो आणि डिस्कचा अगदीं पहिला कप्पा वाचतो. हा कप्पा अवघा ५१२ बाइटांचा. एक बाइट म्हणजे एका रोमन अक्षराएवढी जागा. त्यांपैकीं ४४६ बाइटांत सूचना, ६४ बाइटांत डिस्कच्या चार भागांची नोंद, आणि शेवटच्या दोन बाइटांत खुणेची मोहर. एवढ्याशा जागेंत सबंध प्रणाली मावणें शक्य नाहीं. म्हणून या सूचना पुढच्या मोठ्या प्रोग्रामकडे बोट दाखवितात, आणि तो कार्यप्रणालीला उठवितो. इंग्रजींत या साखळीला बूट होणें म्हणतात. आपल्याच बुटांच्या पट्ट्या ओढून स्वतःस उचलावें, अशा एका अशक्य कल्पनेवरून तो शब्द आला.

आपल्या जुन्या वाड्यांत बिऱ्हाडें दोन असलीं तरी देवडी एकच असे. देवडीवरचा पहारेकरी विचारी, कोणाकडे जावयाचें ? लिनक्सबरोबर येणारा असा पहारेकरी म्हणजे ग्रब. एरिक बोलिन यांनीं १९९५ सालीं त्याची रचना आरंभिली. तो दोन्ही बिऱ्हाडांचीं नांवें पडद्यावर मांडतो, आणि आपण निवडूं तेथें आपणांस पोंचवितो. तो स्वतः उभा असतो देवडीवर, पण त्याची वही असते लिनक्सच्या खोलींत. मीं ती खोलीच पाडली. पहारेकरी जागेवर होता, वही मात्र नाहींशी झाली. म्हणून तो कोणासच आंत सोडीना. विंडोजचें बिऱ्हाड आपल्या जागीं सुखरूप होतें, आणि त्यांतच आईच्या ओव्या होत्या.

विद्यार्थ्यानें क्रम घालून दिला : आधीं प्रत, मग दुरुस्ती. लिनक्सचा एक पेन ड्राइव्ह त्यानें पूर्वींच करून ठेविला होता. डिस्कवर कांहीं न लिहितां त्याच्यावरून संगणक चालवितां येतो. तो लावला. पडद्यावर 'इन्स्टॉल' आणि 'ट्राय' असे दोन पर्याय आले. त्यांपैकीं 'ट्राय' घेतला, आणि विंडोजच्या भागांत जाऊन माझी फाइल उघडली. पहिली ओवी आईची होती. ती मीं वाचली नाहीं, नुसती पाहिली. मग सर्व कांहीं दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरून घेतलें.

दुसऱ्या दिवशीं शेजारच्या मुलीनें तिच्या संगणकावर विंडोजच्या स्थापनेचा पेन ड्राइव्ह करून दिला. त्यावरून संगणक सुरू करून 'रिपेअर'चा मार्ग घेतला, आज्ञा लिहिण्याची काळी खिडकी उघडली आणि 'बूटरेक' ही आज्ञा दिली. तिच्यापुढें एक जागा सोडून तिरकी रेघ, आणि रेघेला चिकटून 'फिक्सएमबीआर' असें लिहावें लागतें. या आज्ञेनें पहिल्या कप्प्यांतील सूचना नव्यानें लिहिल्या जातात, भागांच्या नोंदीस धक्का लागत नाहीं. पेन ड्राइव्ह काढला, बटण दाबलें, आणि विंडोज उभी राहिली.

हा झाला जुन्या यंत्राचा प्रकार. आतांच्या संगणकांत बायॉसच्या जागीं यूईएफआय असतें. त्यांत डिस्कवर एक छोटा स्वतंत्र भाग राखलेला असतो, आणि प्रत्येक प्रणालीचा पहारेकरी त्यांत आपापल्या फोल्डरमध्यें राहतो. आधीं कोणास हांक मारावयाची, मग कोणास, ही यादी मदरबोर्डच्या स्मृतींत असते. त्यामुळें येथें पुष्कळदां पहारेकरी जागेवरच असतो, फक्त यादींतील क्रम बदललेला असतो.

आतां खुणा सांगतों. साखळी कोठें तुटली हें त्यांवरून कळतें.

पडद्यावर कांहींच येत नसेल, कंपनीचें चिन्हहि नसेल, तर दोष वीज, पडदा किंवा यंत्राचा समजावा. तेथें प्रणालींना दोष देऊं नये.

चिन्ह येतें, पण पुढें सुरू करण्याजोगी डिस्क नाहीं असा मजकूर दिसतो. अशा वेळीं संगणक सुरू होतांना एफ-२, एफ-१२, डिलीट किंवा एस्केप यांपैकीं आपल्या यंत्रास लागू असलेली कळ दाबून सेटिंगांत जावें. तेथें डिस्कचें नांवच नसेल, तर तार सैल असेल किंवा डिस्क आजारी असेल. नांव असेल, तर धीर धरावा.

निवडीची यादी न येतां सरळ विंडोज उघडते. नव्या यंत्रांत त्याच सेटिंगांत जाऊन लिनक्सचें नांव क्रमांत वर आणावें. तेवढ्यानेंच बहुधा काम होतें. जुन्या यंत्रांत विंडोज मागाहून बसविली असल्यास पहिला कप्पा पुन्हां लिहिला गेलेला असतो. तेथें लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून ग्रब पुन्हां बसवावा लागतो.

यादी येते, पण तींत विंडोज नाहीं. भिण्याचें कारण नाहीं. ग्रबच्या २०२१ मधील २.०६ या आवृत्तीपासून शेजारची प्रणाली शोधण्याची सोय मुळांत बंद ठेवलेली असते. लिनक्समध्यें जाऊन ग्रबच्या सेटिंगच्या फाइलींत ती चालूं करावी आणि यादी नव्यानें करवून घ्यावी.

निवड केली, आणि पुढें चक्र नुसतें फिरत राहिलें, तर देवडी ठीक आहे, दोष त्या एका बिऱ्हाडांत आहे. दुसरी प्रणाली उघडून पाहावी. ती उघडली कीं आपलें महत्त्वाचें लिखाण आधीं बाहेर काढावें.

आणखी एक सावधगिरी. कित्येक नव्या संगणकांत विंडोजचा भाग बिटलॉकर या कुलपानें बंद असतो. सुरुवातीच्या सेटिंगांत फेरफार केल्यास तें ४८ अंकी किल्ली मागण्याचा संभव असतो. ही किल्ली आधींच कागदावर लिहून कपाटांत ठेवावी. ती संगणकांतच ठेवणें म्हणजे पेटीची किल्ली पेटींत ठेवण्यासारखें आहे.

तात्पर्य तीन वाक्यांत सांगतां येईल. पडद्यावरचीं अक्षरें पुसण्यापूर्वीं तीं उतरून घ्या, कारण तोच एकमेव साक्षीदार असतो. दुरुस्तीच्या आधीं प्रत काढा. आणि जो दुवा तुटला असेल तोच सांधा, एका वेळीं एकच.

दुकानांतल्या त्या गृहस्थांवर माझा राग नाहीं. त्यांच्याकडे रोज दहा गिऱ्हाइकें घाईनें येतात, आणि फॉरमॅट हा खात्रीचा उपाय ठरतो. ओव्यांचें मोल त्यांस कसें कळावें ? तें मला माहीत होतें, आणि तरीहि मी होय म्हणणार होतों. कारण 'सुरू होत नाहीं' आणि 'नाहींसें झालें' हीं दोन निरनिराळीं वाक्यें आहेत, हें माझ्या ध्यानांत आलें नव्हतें. जन्मभर मुलांना वाक्यांचे अर्थ सांगितले, पण हा भेद मला माझ्याच विद्यार्थ्यानें शिकविला.

त्या ओव्यांच्या आतां तीन प्रती आहेत : एक संगणकांत, एक पेन ड्राइव्हवर, आणि एक पुण्यास त्या विद्यार्थ्याच्या घरीं. आपल्या घरांतहि असें कांहीं असेल. आज रात्रीं निजण्यापूर्वीं त्याची एक प्रत काढून ठेवावी, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.