मध्यमा पूर्णच्या पुढे
(दहावी १९९८ तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील संधी’ असा विषय दिला होता. त्यावर माझ्यापेक्षा चांगलं बोलणारे आपल्यातच बरेच आहेत, म्हणून मी विषय बदलून घेतला. आज जेवणानंतर आपल्याला ठरवायचं आहे की आपली तुकडी शाळेला काय भेट देणार. यादीत रंगमंचासाठी रंगीत दिवे आहेत, नवा ध्वनिक्षेपक आहे, कमान आहे. माझीही एक सूचना आहे. पण ती पटायची असेल तर नृत्य शिकणाऱ्या मोठ्या मुलामुलींकडून नेमकं काय मागितलं जातं, हे आधी सांगायला हवं. म्हणून आज नृत्यावर बोलते.

मी कथक शिकायला लागले ती पुण्यात नोकरी लागल्यावर, वयाच्या पंचविशीत. वर्गात माझ्या बाजूला आठ-नऊ वर्षांच्या मुली उभ्या असायच्या आणि त्या मला ‘काकू’ म्हणायच्या. विशारद व्हायला मला बरीच वर्षं लागली. त्यामुळे मी काही मोठी नर्तकी नाही, पण ही शिडी प्रत्येक पायरीवर थांबत चढले आहे, एवढं म्हणू शकते.

शिडी अशी आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांच्या परंपरेतलं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ आज गावोगावी परीक्षा घेतं. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, मग विशारद प्रथम आणि विशारद पूर्ण. त्याच्यावर अलंकार. वर्षाला एक परीक्षा धरली तर विशारदपर्यंत सात वर्षं.

आता आपल्याकडे काय होतं ते पाहा. दहावीच्या निकालात शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात. ही चांगली सोय आहे. तिच्यामुळे आपल्या जिल्ह्यात आईवडील मुलींना नृत्याच्या क्लासला घालू लागले. पण गुण पदरात पडले की क्लास सुटतो. अकरावी, बारावी, नीट, जेईई. गेल्या दिवाळीत मी इथे एका क्लासमध्ये जाऊन बसले होते. छोट्यांच्या तुकडीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि मोठ्यांच्या तुकडीत अकरावीची एकच मुलगी होती. तिच्या आईने मला विचारलं, “ताई, गुण तर मिळाले, आता पुढं आणखी तेच तेच शिकून काय करायचं?”

प्रश्न प्रामाणिक होता. माझं आजचं भाषण म्हणजे त्या बाईंना द्यायचं उत्तर आहे. पुढे ‘तेच तेच’ नसतं. मध्यमा पूर्णपर्यंत मूल गुरूने बसवलेलं नाचतं. त्यानंतर त्याला स्वतः उभं राहावं लागतं, आणि शिक्षणाचा खरा उपयोग तिथून सुरू होतो.

पहिली अपेक्षा तालाची. लहान मुलगी लेहऱ्यावर पाय टाकते. लेहरा म्हणजे हार्मोनियमवर किंवा सारंगीवर पुन्हा पुन्हा वाजणारी धून, जिच्यावरून आपण तालात कुठे आहोत ते कळतं. मोठ्या मुलीला गुरू मधेच थांबवतात आणि विचारतात, “आत्ता कितवी मात्रा?” तिला सांगता आलं पाहिजे. तिने बोल तोंडाने म्हणायचे आणि हाताने टाळी-खाली दाखवायची, याला पढंत म्हणतात. तीनताल सोळा मात्रांचा, झपताल दहाचा, रूपक सातचा, धमार चौदाचा. प्रत्येकात पढंत करून मग तेच पायांनी काढून दाखवायचं. नाचता येतं पण म्हणता येत नाही, असं या पातळीवर चालत नाही.

दुसरी अपेक्षा हिशोबाची. आपल्या गणिताच्या सरांना हे आवडेल. तिहाई म्हणजे एकच बोल तीनदा म्हणून समेवर येणं. तीनतालात समेपासून निघून पुढच्या समेवर पोहोचायचं तर सतरा मात्रा लागतात, कारण शेवटचा ‘धा’ पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर पडतो. ‘तिट कत गदि गन धा’ हा पाच मात्रांचा बोल घ्या. पाच, मग एक मात्रा थांबा, पुन्हा पाच, एक थांबा, पुन्हा पाच. झाल्या सतरा. हेच झपतालात करायचं तर अकरा मात्रा हव्यात, म्हणजे बोल तीनचा आणि थांबा एकाचा. रूपकात आठ हव्यात, म्हणजे बोल दोनचा आणि थांबा एकाचा. फळ्यावर मांडलं तर तीन गुणिले बोल अधिक दोन गुणिले थांबा बरोबर ताल अधिक एक. सातवीतलं समीकरण आहे. पण घुंगरू बांधून, घामाघूम असताना, समोर तबला चालू असताना गुरू म्हणतात, “धमारमध्ये तुझी स्वतःची तिहाई लाव,” तेव्हा हे समीकरण पायातून सुटावं लागतं. मी रोज संगणकाला सूचना लिहिते, तरीही पहिल्यांदा हे पायांनी सोडवलं त्या दिवसाएवढा आनंद मला कुठल्या प्रोग्रॅमने दिलेला नाही.

तिसरी अपेक्षा स्वच्छतेची. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत् हा तत्कार पहिल्या दिवशी शिकवतात आणि अलंकारपर्यंत तोच करून घेतात. फरक असा की सुरुवातीला पाय जागेवर पडला तरी पुरतं. पुढे दुगुन, चौगुन करताना प्रत्येक आघात वेगळा ऐकू आला पाहिजे, उजवा-डावा सारखा वाजला पाहिजे, आणि कमरेच्या वरचं शरीर हलता कामा नये. चक्करांचंही तसंच. दहा चक्कर घेणं सोपं आहे. दहाही एकाच जागी, नजर प्रत्येक वेळी समोरच्या त्याच बिंदूवर परत आणून, आणि शेवटच्या चक्करानंतर न डगमगता उभं राहणं, याला वर्षं लागतात.

चौथी अपेक्षा अभिनयाची. गतभावात एकच मुलगी पाणी भरणारी गवळण होते, तीच वळून खोड्या काढणारा कृष्ण होते. वेश बदलायचा नाही, हातात वस्तू नाही. घागर किती जड आहे ते तिच्या मानेवरून कळलं पाहिजे. पंधरा वर्षांच्या मुलीला हे हावभाव पाठ करता येतात, पण त्यातली माणसं कळायला वाचन लागतं, कविता लागते, आजूबाजूला पाहणं लागतं.

पाचवी आणि सगळ्यांत अवघड अपेक्षा उपजेची. तबलजी काहीतरी वाजवतो, नर्तकी त्याला तिथल्या तिथे उत्तर देते. हे बसवून येत नाही. त्यासाठी जिवंत तबला समोर लागतो. मोबाइलवरचा लेहरा कधी चुकत नाही, दमत नाही आणि कधी कुरघोडीही करत नाही. त्याच्याशी संवाद होत नाही. माझ्या सूचनेचा अर्धा भाग इथेच आहे, तो लक्षात ठेवा.

हे सगळं फक्त आपल्या शास्त्रीय नृत्यात आहे असं समजू नका. आपण दहावीत होतो तेव्हा, १९९७ च्या दिवाळीत, ‘दिल तो पागल है’ आला. त्यातली नृत्यं पाहून आपल्या गॅदरिंगमध्ये काय काय झालं ते सगळ्यांना आठवत असेलच, नावं घेत नाही. त्या नृत्यांवर जॅझची छाप होती. ती बसवणारे शामक दावर यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि त्यात नाचणारी आपली माधुरी दीक्षित लहानपणापासून कथक शिकलेली. नवी शैली अंगात यायला जुना रियाज किती उपयोगी पडतो, ते तिथे दिसतं.

जॅझ नृत्याचं मूळ अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नाचात. त्याला रंगमंचाची शिस्तबद्ध शैली देणाऱ्यांत जॅक कोल हे मोठं नाव. हा माणूस भारतीय नृत्य शिकला होता आणि त्यातल्या हालचाली त्याने स्विंग संगीतावर बसवल्या. मान वेगळी, खांदे वेगळे, कंबर वेगळी हलवण्याची जी जॅझची खूण आहे, तिच्यात आपल्याकडचाही थोडा अंश आहे. जॅझच्या वरच्या वर्गातल्या अपेक्षा ऐकल्या तर ओळखीच्या वाटतात. शिक्षक रचना एक-दोनदाच दाखवतात. विद्यार्थ्याने ती उचलायची आणि लगेच दुसऱ्या बाजूनेही करून दाखवायची. गिरकी आपण टाचेवर घेतो, ते चवड्यावर घेतात, पण नजर बिंदूवर ठेवायची युक्ती तीच. बॅलेचा पाया पक्का हवा, आणि वेळ आली की स्वतःच्या मनाने चार आवर्तनं नाचता आली पाहिजेत. शैली कोणतीही असो, वरच्या वर्गात गुरू दाखवायचं कमी करतात आणि विचारायचं वाढवतात.

पुण्यात रोहिणीताई भाटे यांनी १९४७ साली नृत्यभारती सुरू केली. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे त्या शिकल्या. नाचल्या, शिकवलं, नव्या रचना केल्या आणि लिहिलंही. इझाडोरा डंकन या अमेरिकन नर्तकीचं आत्मचरित्र त्यांनी मराठीत आणलं. नाचणाऱ्या बाईने वाचलं पाहिजे, लिहिलं पाहिजे, ही अपेक्षा महाराष्ट्राला त्यांनी स्वतःच्या उदाहरणाने घालून दिली. आज पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नृत्याची पदवी घेता येते. म्हणजे बारावीनंतरही वाट आहे.

आणि पुण्याला तरी कशाला जायचं? तुळजापूर इथून वीस-पंचवीस किलोमीटरवर. आपल्या घरातल्या लग्नानंतरचा गोंधळ आठवा. गोंधळी रात्रभर उभा असतो. संबळ वाजत असतो, तुणतुणं चालू असतं, पाय तालात पडत असतात आणि तोंडाने कथा चालू असते. मधेच कुणी यजमान काही बोलला तर त्यालाही तो कथेत ओढून घेतो आणि तालात परत येतो. ताल, पाठांतर, अभिनय, दम आणि उपज, मी मोजलेलं सगळं त्यात आलं. त्याला परीक्षा नव्हती, पण वडिलांच्या मागे वर्षानुवर्षं उभं राहून तो शिकला होता. अपेक्षा कडक असल्या की माणूस तयार होतो, हे आपल्या मातीला नवीन नाही.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे. काय करायचं पुढे शिकून? सगळ्याजणी नर्तकी होणार नाहीत. माझ्या कामात मी नव्याने लागलेल्या मुलामुलींना रोज पाहते. हुशार असतात, पण बसवून दिलेलं बिघडलं की गोंधळतात. रंगमंचावर सम चुकली तर थांबता येत नाही, पुढच्या आवर्तनात स्वतःला सावरून घ्यावं लागतं. हे सावरणं विशारदच्या वर्षांत शिकवतात. पाच वर्षं पाया खणायचा आणि भिंती उभ्या राहायच्या वेळी काम बंद करायचं, असं आपण घर बांधताना करत नाही. आणि हो, हे मुलांनाही लागू आहे. कथकचे मोठमोठे गुरू पुरुषच होते.

पालकांना माझी विनंती एवढीच, की अकरावी-बारावीत क्लास पूर्ण सोडवू नका. रोज अर्धा तास तत्कार आणि आठवड्याला एक तास पढंत एवढं राहिलं तरी धागा तुटत नाही. परीक्षा दोन वर्षं उशिरा दिली म्हणून काही बिघडत नाही.

आणि तुकडीला सूचना. शाळेच्या मागच्या सभागृहात सिमेंटवर फरशी आहे. संध्याकाळी तिथे मुली अनवाणी रियाज करतात. त्या फरशीला अजिबात लवचीकपणा नाही. प्रत्येक आघात टाचेतून नडगीत आणि गुडघ्यात जातो. छोट्या मुली थोडा वेळ नाचतात, त्यांचं भागतं. मोठ्या मुलीला तास-दीड तास पाय मारावे लागतात. तिथे लाकडी पट्ट्यांवर, खाली पोकळी ठेवून, लाकडी जमीन करून देऊ. सगळ्या सभागृहाला नको, एका बाजूला पंधरा-वीसजणी उभ्या राहतील एवढी पुरे. दुसरं, महिन्यातून दोन रविवार चांगला तबलजी बोलावू आणि त्याचं मानधन तीन वर्षं आपण देऊ. कमानीवर आपल्या तुकडीचं नाव दिसेल हे खरं. लाकडी जमिनीवर नाव लिहिता येत नाही, पण तिचा आवाज रोज संध्याकाळी बाहेरच्या रस्त्यापर्यंत येईल.

सुताराकडून मी अंदाजपत्रक घेऊन आले आहे. जेवणानंतर सगळ्यांना दाखवते. हरकती आत्ताच सांगितल्यात तरी चालतील.