एजंटकडे स्टोरी सोपवताय? आधी अटी कोणी लिहिल्या ते बघा

आज थोडं ऑफिसचं बोलूया.

बऱ्याच टीममध्ये सध्या काय चालतं? पीओ स्टोरीच्या दोन ओळी लिहितो आणि एआयला म्हणतो, ‘याचे अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरिया काढून दे.’ अर्ध्या मिनिटात पंधरा मुद्दे हजर. मीटिंगमध्ये सगळे मान डोलावतात. मग तीच स्टोरी कोडिंग एजंटकडे जाते. कोड तोच लिहितो, टेस्टही तोच लिहितो. सगळं हिरवं, स्टोरी डन.

जे नुकतेच कामाला लागलेत त्यांच्यासाठी एका वाक्यात सांगतो. अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरिया म्हणजे ‘हे काम झालं’ असं कधी म्हणायचं, त्याच्या अटी. बस्स.

आता थोडं मागे जाऊ. यूजर स्टोरी आली एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगमधून, १९९० च्या दशकाच्या शेवटी. २००१ मध्ये रॉन जेफ्रीज यांनी तिचे तीन भाग सांगितले: कार्ड, कॉन्व्हर्सेशन आणि कन्फर्मेशन. कार्डावर मुद्दाम थोडंच लिहायचं, म्हणजे बाकीचं विचारायला लोक एकमेकांकडे जातील. त्या बोलण्यातून जे ठरतं ते कन्फर्मेशन, म्हणजेच आपले क्रायटेरिया. एजंट काय करतो? कार्डावरून थेट कन्फर्मेशनवर उडी मारतो. मधलं बोलणं होतच नाही.

उदाहरण घेऊ. समजा, आपण बसच्या बुकिंगचं अ‍ॅप बनवतोय आणि त्यात एसटीच्या सवलती टाकायच्या आहेत. नियम तुम्हाला घरातूनच माहीत असतील. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट. स्टोरी अशी: ‘प्रवासी म्हणून मला बुकिंग करतानाच माझी सवलत लागू झालेली दिसावी.’

सोपं वाटतं ना? आता प्रश्न विचारा.

‘७५ वर्षांवरील’ म्हणजे पंच्याहत्तरावा वाढदिवस झाला की, शहात्तरावा झाला की? कोडमध्ये हा फरक फक्त एका ‘बरोबर’च्या चिन्हाचा आहे. घरी मात्र आजोबांचं वर्षभराचं भाडं त्यावर ठरतं. वय कोणत्या दिवशी मोजायचं, बुकिंगच्या की प्रवासाच्या? बुकिंग आज केलं आणि वाढदिवस उद्या आहे, तर?

पुढचा प्रश्न माझा आवडता. ६८ वर्षांच्या आजी. त्या ज्येष्ठही आहेत आणि महिलाही. दोन्ही सवलती लावून तिकीट फुकट करायचं? अर्ध्याचं अर्धं करायचं? की एकच सवलत लावायची? समजा एकच लावली, तर ती कोणती? आजींच्या खिशातून अर्धेच पैसे जातील, पण सवलतीची रक्कम सरकार महामंडळाला भरून देतं. म्हणजे नोंद कोणत्या योजनेखाली झाली याला महत्त्व आहे. रक्कम बरोबर आली म्हणून टेस्ट पास होईल आणि हिशोब मात्र चुकेल. याचं उत्तर ना तुमच्याकडे आहे, ना एजंटकडे. ज्याची योजना आहे त्यालाच विचारावं लागतं.

आणि कोल्हापूरहून पणजीला जाणारी गाडी? सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. पुढचं भाडं पूर्ण. हे स्टोरीत लिहिलेलं नाही, तर एजंटला कळणार कुठून?

खरी अडचण इथे आहे. फ्रेशर अडला की खुर्ची सरकवून शेजारच्याला विचारतो, ‘अहो, हे कसं करायचंय?’ एजंटला तुम्ही मुद्दाम सांगितलं नाही, तर तो बऱ्याचदा विचारत नाही. रिकामी जागा दिसली की पटेलसं काहीतरी भरतो आणि पुढे जातो. चुकीचं उत्तर दिसायला बरोबर उत्तरासारखंच असतं, तितकंच नीटनेटकं. पंधरा मुद्द्यांच्या यादीत ते कोण शोधणार, तेही शुक्रवारी संध्याकाळी!

मग एआय वापरायचंच नाही का? वापरा की. पण त्याला काम वेगळं द्या. ‘क्रायटेरिया लिही’ म्हणू नका. म्हणा, ‘ही स्टोरी वाच, आपला कोड बघ, आणि कशाचं उत्तर मिळत नाही ते मला विचार. उत्तर स्वतः गृहीत धरू नकोस.’ यात एजंट खरंच हुशार आहे. आजींचा प्रश्न, वाढदिवसाचा प्रश्न तो काढून देईल. उत्तरं मात्र माणसांनी आणायची, आणि प्रत्येक उत्तराशेजारी ते कोणी दिलं आणि कुठल्या आदेशावरून दिलं हे लिहायचं.

उत्तरं आली की गिव्हन-व्हेन-देन मध्ये लिहा. डॅन नॉर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवलेली ही पद्धत एजंटलाही नीट समजते. असं असताना, असं केलं तर, असं व्हायला हवं. ‘सवलत योग्य प्रकारे लागू व्हावी’ ही अट नाही, ती नुसती इच्छा आहे. ‘प्रवासी प्रवासाच्या दिवशी ७४ वर्षं ३६४ दिवसांचा असताना, तिकीट काढलं तर, अर्धं भाडं दिसावं’, ही झाली अट.

आता जरा तांत्रिक. क्रायटेरिया जिरामध्येच पडून राहू देऊ नका. एमसीपीने एजंट जिराला जोडता येतो हे खरं, पण माझं मत असं की अटींची फाइल कोडशेजारी रेपोमध्येच हवी, प्रत्येक अटीला क्रमांक हवा आणि टेस्टच्या नावातही तोच क्रमांक हवा. टेस्ट नसलेली अट लगेच दिसते. अट नसलेली टेस्टही दिसते, म्हणजे एजंटने स्वतःच्या मनाने काय बनवलं तेही सापडतं.

आणि ती फाइल कुलूपबंद ठेवा. गिटहबवर असाल तर कोडओनर्समध्ये पीओ किंवा क्यूएचं नाव टाका आणि त्यांच्या मंजुरीशिवाय मर्ज बंद करा. टेस्ट पास होत नसेल तर कोड सुधारण्याऐवजी टेस्टच ढिली करायची, किंवा अपेक्षित आकडा थेट कोडमध्ये चिकटवायचा, असं एजंट कधीकधी करतात. मॉडेल बनवणाऱ्यांनीच हे नोंदवलंय. ‘टेस्टला हात लावू नकोस’ एवढं प्रॉम्प्टमध्ये लिहून भागत नाही, परवानगीच काढून घ्या. तपासायलाही वेगळं सेशन उघडा. त्याला फक्त अटी आणि चालू अ‍ॅप द्या, कोड लिहिताना झालेलं संभाषण देऊ नका.

‘एवढं सगळं केलं तर वेग कुठे राहिला?’ असं विचाराल. लॉगिन पेजवरच्या बटणाचा रंग बदलायचा असेल तर यातलं काहीच करू नका, सरळ एजंटला देऊन टाका. पैसे, वय, पात्रता किंवा कोणाचा हक्क असं काही स्टोरीत आलं, तर थांबा.

आणि मॅन्युअल टेस्टिंग करणाऱ्या ज्या मित्रमैत्रिणींना वाटतंय की आपली नोकरी गेली, त्यांनी आजींचा प्रश्न पुन्हा ऐका. हे असले प्रश्न तुम्ही वर्षानुवर्षं विचारत आलाय, फक्त कोड लिहून झाल्यावर. आता ते आधी विचारायचेत. पुढच्या रिफाइनमेंटला बोलावलं नाही, तरी जाऊन बसा.