दाताची टोपी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरसाल आपल्यापैकी कोणी स्वयंपाकावर बोलते, कोणी शिवणावर. यंदा सेक्रेटरीबाईंनी मला दातांवर चार शब्द बोलायला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले, तेव्हा डॉक्टरी ज्ञान माझ्याकडे नाही. पण गेल्या साली माझ्या दाढेला टोपी बसली. त्या वेळी जे पाहिले आणि विचारून घेतले ते सांगते. शेवटी मंडळापुढे एक मागणीही ठेवणार आहे.

दाताची टोपी म्हणजे काय, हे आपल्याला मुसळावरून चटकन कळेल. मुसळाच्या टोकाला लोखंडाची वसवी असते. ती नसेल तर कांडता कांडता लाकूड चिरते. बैलगाडीच्या चाकालाही लोहार धाव चढवतो, ती त्याचसाठी. दाढेचे तसेच आहे. दाताचे वरचे पांढरे कवच आपल्या शरीरातली सर्वांत कठीण वस्तू आहे, हाडाहूनही कठीण. पण हाड मोडले तर सांधते, दाताचे कवच एकदा गेले की पुन्हा उगवत नाही. कवचाच्या आत जरा मऊ थर आणि त्याच्याही आत जिवंत गर असतो. कीड त्या गरापर्यंत पोचली की ठणका लागतो. मग डॉक्टर गर काढून, मुळाच्या नळ्या साफ करून भरतात. यालाच रूट कॅनॉल म्हणतात. अशी दाढ दुखायची थांबते, पण आतून पोखरलेली असल्यामुळे भाकरी चावताना उभी चिरण्याची भीती राहते. म्हणून तिच्यावर चहूबाजूंनी धरून ठेवणारी टोपी बसवतात. कोणी तिला कॅप म्हणतात.

ही विद्या काही कालची नाही. शाळेतल्या गुरुजींनी पुस्तकातून काढून मला सांगितले की अमेरिकेतल्या चार्ल्स लँड नावाच्या दंतवैद्याने चिनी मातीच्या टोपीचे पेटंट १८८९ साली घेतले. १९२७ साली एकट्याने विमानातून अटलांटिक महासागर ओलांडणारा लिंडबर्ग हा त्यांचाच नातू. आजा दातांत नाव काढून गेला, नातू आकाशात!

आता माझे सांगते. भगरीत खडा आला आणि खालच्या दाढेचा निम्मा तुकडा पडला. घरात सर्वांचे एकच म्हणणे, काढून टाका, एका दाढेने काय अडते? जाऊबाई म्हणाल्या, "वहिनी, लवंग धरा, राहील." लवंगेने ठणका कमी झालाही. पण डॉक्टरीणबाईंनी सांगितले की ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली असे नव्हे. कधी कधी आतला गर मरतो म्हणून दुखणे थांबते आणि मुळाशी पू धरत राहतो. दाढ काढली तर शेजारचे दात हळूहळू त्या रिकाम्या जागेकडे कलतात, समोरची दाढही जागेवरून सरकते आणि एकाच बाजूने चावायची सवय लागते. हे ऐकताना मला माझी आई आठवली. पन्नाशीच्या आत तिच्या सगळ्या दाढा गेल्या. पुढे जन्मभर तिने भाकरी चहात भिजवून खाल्ली. शेंगदाणा, मक्याचे कणीस, हरभरा तिच्या ताटातून कायमचे उठले. घरातल्या सर्वांना रांधून वाढणारी बाई स्वतः मात्र चावू शकत नव्हती.

टोपीला एका फेरीत भागत नाही. पहिल्या खेपेला दाढ चारी बाजूंनी थोडी घासून बारीक करतात, माप घेतात आणि वर तात्पुरती टोपी लावतात. मापावरून कारखान्यात खरी टोपी तयार होते. पुढच्या खेपेला ती बसवून पाहतात आणि सिमेंटने चिकटवतात. चावताना ती उंच लागली तर लगेच सांगावे, घासून सारखी करतात. टोप्याही निरनिराळ्या असतात. निव्वळ धातूची असते, धातूवर चिनी मातीचा थर दिलेली असते आणि हल्ली झिर्कोनियाची पांढरी असते. मागची दाढ हसताना दिसत नाही, तिथे धातूची टोपी मजबूत असते आणि बहुधा स्वस्तही पडते. खर्च किती आणि फेऱ्या किती, हे आधीच विचारून घ्यावे. त्यात लाज कसली?

हेही सांगते की प्रत्येक दाताला टोपी लागत नाही. कीड लहान असेल तर नुसते भरून भागते. मूळच फुटले असेल किंवा दात फारच हलत असेल तर काढावाच लागतो. वरची दाढ काढली की नजर जाते, ही मात्र खोटी समजूत आहे. त्या भीतीने कोणी दुखणे अंगावर काढू नये. आणि बाजारात किंवा यात्रेत पथारी पसरून घटकाभरात दात बसवून देणाऱ्याकडे जाऊ नये. कायद्याप्रमाणे दंतवैद्याची नोंदणी असावी लागते.

टोपी बसली म्हणजे दाताची काळजी संपली असेही नाही. टोपीला कीड लागत नाही, पण तिच्या कडेखाली हिरडीजवळ दात उघडा असतो, तिथे लागते. म्हणून सकाळी आणि रात्री झोपताना दात घासून ती कड स्वच्छ ठेवावी. नीट राखली तर टोपी दहा-पंधरा वर्षेही टिकते. निघाली तर फेकू नये, घरच्या डिंकाने चिकटवूही नये. डबीत घालून डॉक्टरांकडे न्यावी. चारोळीचे बी आणि सुपारी दाताने फोडू नये, अडकित्ता आणि दगड कशासाठी आहेत? आणि मिसरी सोडा, बायांनो. ती तव्यावर भाजलेली तंबाखूच आहे. तिने दात स्वच्छ होत नाहीत, हिरड्या मात्र खराब होतात आणि तोंडाच्या कर्करोगाला वाट मिळते.

लेकरांचेही पाहा. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे एक दाढ येते. ती दुधाची समजून आपण सोडून देतो, पण ती कायमची असते. तीच किडली तर दुसरी येत नाही. शाळेत तपासणीला डॉक्टर येतात तेव्हा मूल घरी ठेवू नका.

आता मागणी. सातपायरीचा घाट उतरून शहाद्याला जायचे म्हणजे दिवस मोडतो, मजुरी बुडते आणि वर डॉक्टरांचा खर्च. माझ्या टोपीसाठी मी मंडळाच्या बचतीतून कर्ज मागितले, तेव्हा इथेच वाद झाला. आपल्या नियमात पेरणी आहे, लग्न आहे, दुखणे आहे. पण दात दुखण्यात धरायचा की नाही? कोणी म्हणाले, दात म्हणजे हौस. एक मावशी उठून म्हणाल्या, "माझ्या तोंडात बघा आणि मग हौस म्हणा." त्यांच्या तोंडात चारच दात उरले आहेत. त्यांच्यामुळे मला कर्ज मिळाले आणि सीताफळे विकून मी ते हप्त्यांनी फेडले.

पण ते एकटीपुरते झाले. उद्या दुसरी बाई मागेल तेव्हा पुन्हा वाद नको. दाताचा इलाज हाही दुखण्यातच धरावा, असे आपल्या नियमांत लिहून घ्यावे, ही माझी विनंती आहे. घरात पैसा आधी बैलाला, मग बियाण्याला, मग मुलांना आणि उरला तर बाईच्या दाताला लागतो. तो उरत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. निदान मंडळाने तरी तिला रांगेत थोडे पुढे घ्यावे.