घर बंद, दिवा चालू

गावाला निघताना आपल्याकडे एक वाक्य ठरलेले असते. कुलूप लावायचे, किल्ली शेजारच्या काकूंच्या हाती द्यायची आणि म्हणायचे, "दिवेलागणीला तेवढा ओसरीतला दिवा लावा हं!" हे काम आता यंत्रही करू लागले आहे. तुम्ही घरी असलात की ते तुमच्या हाताने चालते, ही झाली रोजची रीत. परगावी गेलात की आपल्या आपण चालते, ती बाहेरगावची रीत.

बाहेरगावची रीत म्हणजे रात्रंदिवस दिवा जळत ठेवणे नव्हे. भर दुपारी जळणारा दिवा घर रिकामे असल्याची चोराला वर्दीच देतो! शिवाय ९ वॉटचा दिवा महिनाभर अखंड जळला तर साडेसहा युनिटे जातात. रोज ५ तास जळला तर दीडाच्याही आत. नुसती घड्याळी वेळ बांधून देऊनही भागत नाही. जालन्यात मार्गशीर्षात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, तर आषाढात सातनंतर. तेव्हा सूर्यास्तावर चालणारे यंत्र निवडावे. आधी स्वयंपाकघरातला दिवा विझावा, मग माजघरातला. तोही रोज ठोक्याला नव्हे, दहा-पंधरा मिनिटे मागेपुढे. निघण्याच्या आदल्या दिवशी मेन स्विच एकदा बंद-चालू करून पाहावा. वीज जाऊन आली की काही यंत्रे सांगितलेले सारे विसरतात.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. घर रिकामे, हे ठरवायचे कोणी?

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या अंबड, घनसावंगी, मंठा तालुक्यांतून कितीतरी जोडपी ऊसतोडीला जातात, ती पट्टा पडल्यावरच परततात. म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे पुष्कळदा घरीच राहतात. अशा घरात हे यंत्र बसवले, तर? काही यंत्रे धन्याचा फोन गावाबाहेर गेला की घर रिकामे झाले, असे धरून चालतात. फोन उसाच्या फडात आणि आजी इथे घरात! ती रात्री पाण्याला उठते, तर दिवा यंत्राच्या हुकमाने विझलेला. चोरासाठी केलेली युक्ती आजीच्या पायात आली की नाही?

म्हणून दोन गोष्टी सांभाळा. एक, मागे कोणीही राहणार असेल, तर बाहेरगावची रीत लावूच नका. दुसरी, दाराशी हाताला येईल असे साधे बटण ठेवा. ते दाबले की यंत्राने काही न विचारता दिवा लावलाच पाहिजे. फोनपेक्षा घरातल्या हाताचा मान मोठा. आणि परत आलात की चपला काढतानाच रोजची रीत लावून टाका. नाही तर जेवायला बसलात अन् दिवा गेला, असे व्हायचे!

आणि हो, किल्ली मात्र काकूंकडेच द्या. दारावरची हाक यंत्राला ऐकू येत नाही.