चादर दिलीत, ती अंथरायची कुठं?

(लांजा येथे वाडी-वस्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कोणी डोंगर उतरून आलंय, कोणी आजची मजुरी बुडवून आलंय. म्हणून लांबण लावत नाही. मघाशी चहाच्या वेळी एका भावानं आम्हाला सरळ विचारलं, "तुम्ही किरिस्ताव. आमच्या वाडीत येता, अर्ज लिहून देता, तहसील कचेरीत दिवस दिवस बसता. यात तुमचं काय? उद्या आम्हाला बाटवणार काय?"

हा प्रश्न पाठीमागे पुष्कळांनी कुजबुजलाय. ज्यांना आपली एकी नको आहे, ते तो मुद्दाम पसरवतात. या भावानं तोंडावर विचारला, हे बरं झालं. उत्तरही सगळ्यांसमोरच दिलं पाहिजे.

होय, आम्ही ख्रिस्ती आहोत. लपवायचं कारण नाही. पण परक्या मुलखातले नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात करजगावला जन्मले. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले, आणि पुढंही मराठीतच अभंग रचून देवाला आळवत राहिले. श्रद्धा बदलली म्हणून माती बदलत नाही.

आता सेवा कशासाठी? येशूनं शेवटच्या निवाड्याची गोष्ट सांगितली आहे. तिथं राजा काय विचारतो? भुकेल्याला जेवू घातलंत का, तहानलेल्याला पाणी दिलंत का, परक्याला घरात घेतलंत का, उघड्याला वस्त्र दिलंत का, आजाऱ्याकडे, तुरुंगातल्याकडे गेलात का. भुकेल्याची जात कोणती, त्याचा देव कोणता, हे तिथं कोणी विचारत नाही. आणि ज्यांनी हे केलं त्यांनाही ठाऊक नव्हतं की त्या भुकेल्याच्या रूपानं राजाच दारात आला होता.

म्हणून आम्ही तुमच्यावर उपकार करत नाही. आमच्या श्रद्धेचं देणं फेडतो. सावकार धान्य देतो आणि कागदावर अंगठा घेतो. सेवेत अंगठा घ्यायचा नसतो. 'भाकर घे, औषध घे, आणि बदल्यात तुझा देव सोड' असं म्हटलं, तर ती सावकारीच झाली. आमच्यातल्या सगळ्यांनी हे कायम पाळलं असं म्हणणार नाही. पण ज्यांनी पाळलं, त्यांची एक गोष्ट सांगतो.

शामराव हिवाळे नावाचा एक मराठी ख्रिस्ती तरुण पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात होता. तिथंच १९२७ साली व्हेरियर एल्विन हा इंग्रज पाद्री आला. दोघांची दोस्ती झाली. १९३२ साली ते मध्य प्रांतात, मंडला जिल्ह्यातल्या करंजिया गावी गोंडांमध्ये राहायला गेले. शाळा काढली, दवाखाना काढला, महारोग्यांसाठी घर बांधलं. बिशपांचं म्हणणं होतं, धर्मप्रसाराचं वचन द्या. एल्विननं ते दिलं नाही. पाद्री म्हणून काम करायचा परवाना नाकारला गेला, आणि पुढं १९३५ साली त्यानं चर्चच सोडलं. पण तो मुलूख सोडला नाही.

तिथल्या बैगा लोकांची जंगल जाळून, राखेत बी टाकून करायची शेती सरकारनं बंद केली होती. एका ठरावीक पट्ट्यातच तिला मुभा होती. एल्विननं १९३९ साली बैगांवर जाडजूड पुस्तक लिहिलं आणि जंगल गेल्यावर माणूस कसा खचतो ते जगापुढं मांडलं. पुढं एल्विन ईशान्येकडे गेला. शामराव मात्र मंडल्यातच राहिले. पुस्तकं लिहिणाऱ्याचं नाव मोठं झालं. राहणाऱ्याचं नाव आपल्या मराठी मुलखातही थोड्यांनाच ठाऊक. आम्हाला मात्र शामराव जवळचे वाटतात. सेवा म्हणजे आधी राहणं.

हे आम्हालाही लगेच कळलं नाही. पहिल्या वर्षी आम्ही काय केलं? नाताळात कातकरी वाडीवर चादरी वाटल्या, पोरांना खाऊ दिला आणि खूश होऊन परत निघालो. तेव्हा एक आजी म्हणाली, "चादर दिलीत, बरं झालं. पण ती अंथरायची कुठं? ही जागा काय आमची हाय?"

आम्ही गप्प झालो. तिच्या तीन पिढ्या त्याच जागेवर मेल्या, पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर. मालकाला काजूची बाग लावायची होती. झोपड्या उचला, म्हणून त्याचा निरोप आला होता. पावसाळा संपला की माणसं कोळशाच्या भट्टीवर जातात, परत येईपर्यंत झोपडी जागेवर असेल की नाही याचा भरवसा नाही. अशा घरात आम्ही चादर देऊन आलो होतो! उघड्याला वस्त्र द्यायला येशूनं सांगितलंय, ते खरं. पण तो उघडा कोणामुळं पडला, हे विचारायचं नाही असं त्यानं कुठं सांगितलं?

त्या दिवसापासून आम्ही अर्ज लिहायला बसलो. आणि स्वतःला तीन नियम घातले. एक, मदत करताना कोणाचा धर्म विचारायचा नाही आणि आपला गळ्यात बांधायचा नाही. दोन, अर्जाची पोच आमच्या पिशवीत राहणार नाही, ती वाडीच्याच हातात राहील. तीन, साहेबापुढं आम्ही बोलायचं नाही. वाडीची बाई बोलेल, आम्ही मागं उभं राहू.

तिसरा नियम सर्वांत जड गेला. आपणच बोलावं असं वाटतं. साहेबही आमच्याकडेच बघून बोलतो. पण येशूनं शेवटच्या रात्री कमरेला पंचा बांधून शिष्यांचे पाय धुतले. पाय धुणारा खाली बसतो, समोरचा वर असतो. सेवा करणाराच वर बसला, तर समजावं की काहीतरी चुकलंय.

तेव्हा भावा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. बाटवायला आलो नाही. आणि तुम्ही मात्र आमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. या तीन नियमांवर आम्हाला तपासा. चुकलो तर याच मेळाव्यात उभं करून विचारा. आणि ज्या दिवशी त्या आजीच्या घराखालची जागा तिच्या नावावर होईल, त्या दिवशी आम्हाला चहाला बोलवा. तिच्याच अंगणात, तिच्याच चादरीवर बसू.

जिंदाबाद!