लोक काय म्हणतील?

“लोक काय म्हणतील?” हा प्रश्न ज्या घरांत कधींच ऐकूं आला नाहीं, असें घर महाराष्ट्रांत शोधूनहि सांपडावयाचें नाहीं. मुलगी घरीं किती वाजतां परतली, लग्नांत आहेर काय केला, सुतकांत कोण कोठें गेलें, अशा प्रत्येक प्रसंगीं तो उभा राहतो. प्रश्न साधा दिसतो. परंतु समाजशास्त्राचा मोठा भाग त्याच्या पोटांत सामावलेला आहे. हे ‘लोक’ म्हणजे कोण, त्यांच्या म्हणण्याला इतकें बळ कोठून येतें, आणि तें न जुमानणाराचें काय होतें, या तीन गोष्टींचा विचार आज श्रोत्यांनीं करावयाचा आहे.

पंक्तींत सर्वांना वाढून झाल्यावांचून घास घेऊं नये, वडील मनुष्य आला असतां उठून उभें राहावें, हे नियम कोणत्याहि कायद्याच्या पुस्तकांत नाहींत. तरी ते पाळले जातात. विल्यम ग्रॅहॅम सम्नर या अमेरिकन पंडितानें १९०६ सालीं लोकरीतींवर ग्रंथ लिहून त्यांचे दोन प्रकार दाखविले. पहिल्या प्रकारच्या रीति मोडल्या तर लोक हंसतात किंवा नाक मुरडतात. दुसऱ्या प्रकारच्या रीतींशीं समाजाचें कल्याण बांधलेलें आहे असें लोक मानतात. त्या मोडणाराविषयीं संताप येतो व त्याच्यावर बहिष्कार पडतो. याखेरीज तिसरा प्रकार कायद्याचा. त्याच्या पाठीशीं शिपाई उभा असतो. परंतु अंधाऱ्या, निर्मनुष्य देवळांत एकटा शिरणारा मनुष्यहि वहाणा बाहेर काढून ठेवतो. तेथें शिपाई नाहीं आणि हंसणाराहि कोणी नाहीं. मग नियम कोण राखतो?

याचें उत्तर मुलांच्या खेळांत सांपडतें. लहान मुलगी भातुकली खेळतांना आई होते, बाहुलीला रागावते, मग पुन्हां तिला कुरवाळते. एका वेळीं एका माणसाची भूमिका ती घेते. तींच मुलें मोठीं होऊन आट्यापाट्या खेळूं लागलीं म्हणजे एवढ्यानें भागत नाहीं. पाटी धरणाराला आपलें काम ठाऊक हवें, इतर पाट्यांवरील गड्यांचें हवें, आणि समोरचा गडी आपल्याविषयीं काय अंदाज बांधीत असेल तोहि हवा. सारा खेळ प्रत्येकाच्या डोक्यांत वसावा लागतो. शिकागोचे तत्त्वज्ञ जॉर्ज हर्बर्ट मीड यांनीं मनुष्याचा ‘मी’ खेळांतून असाच घडतो, असें प्रतिपादन केलें. त्यांच्या मृत्यूनंतर १९३४ सालीं तीं व्याख्यानें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. त्यांच्या आधीं, १९०२ मध्यें, चार्ल्स कूली यांनीं आरशाचा दृष्टांत दिला होता. आपण दुसऱ्याला कसे दिसत असूं, तो आपल्याविषयीं काय ठरवीत असेल, हें मनुष्य मनांत कल्पितो, आणि त्यावरून त्याला अभिमान तरी वाटतो किंवा लाज तरी वाटते. म्हणजे ‘लोक’ बाहेर असतात तितकेच आंतहि असतात. अंधाऱ्या देवळांत वहाणा काढावयास तेच लावतात.

आतां नियम मोडणाराकडे वळूं. नियमभंग म्हणजे समाजाचा रोग, असें सामान्यतः मानलें जातें. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील दुर्खीम यांनीं १८९५ सालींच सांगून ठेवलें, कीं निव्वळ साधूंचा मठ वसविला तरी तेथें क्षुल्लक चूकहि मोठा अपराध ठरेल. नियमभंग नाहीं असा समाजच नसतो. एवढेंच नव्हे, तर आजचा अपराधी कधीं कधीं उद्यांच्या नीतीचा अग्रदूत असतो, आणि याला त्यांनीं सॉक्रेटिसाचा दाखला दिला. पुढें १९६३ सालीं हॉवर्ड बेकर यांनीं दाखविलें, कीं अपराधीपण हें केवळ कृत्यांत नसतें. नियम करणारे त्या कृत्यावर जो शिक्का मारतात, त्यांतहि तें असतें.

हें सारें एका ठिकाणीं पाहावयाचें असेल तर नाशिकच्या पंचवटींत जावें. अठराव्या शतकाच्या अखेरीस ओढेकर सरदारांनीं बांधविलेलें काळारामाचें पाषाणी मंदिर तेथें उभें आहे. १९३० मध्यें, अस्पृश्य म्हणविल्या गेलेल्या रामभक्तांना त्याच्या आंत पाऊल टाकण्याची मनाई होती. ही मनाई शहरानें मनांत जपली होती, आणि बाहेर थांबणारानेंहि बाळपणापासून त्याच आरशांत स्वतःला पाहिलें होतें. २ मार्च १९३० रोजीं डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं हजारोंची मिरवणूक मंदिरावर गेली; नाशिक जिल्ह्याचे भाऊराव गायकवाड हे या लढ्याचे आधारस्तंभ होते. दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदावरीच्या घाटावर गेली, सभा झाली, आणि दुसऱ्या दिवशीं चारी दरवाजांसमोर सत्याग्रही बसले. पहिल्या तुकडींत १२५ पुरुष व २५ स्त्रिया होत्या. ९ एप्रिलला, रामाच्या रथाच्या दिवशीं, दोन्ही पक्षांनीं मिळून रथ ओढावा असा समेट ठरला होता. तो मोडला आणि दगडफेक झाली.

येथें नियम मोडणारा कोण? शहराच्या दृष्टीनें दरवाजाशीं बसलेले लोक मर्यादा सोडलेले होते. पण नियम राखणारांवर देवाचेच दरवाजे लावून घेण्याची पाळी आली होती. ज्या रूढीला इतकें करावें लागतें, ती मनांतून ढळूं लागली आहे हें उघड आहे.

लढा पांच वर्षें चालला. दरवाजे उघडले नाहींत. मग तो फुकट गेला काय? मार्च १९३४ मध्यें आंबेडकरांनीं गायकवाडांना पत्र लिहून आपला हेतु स्पष्ट केला. मूर्तीचें दर्शन झाल्यानें दलितांचे प्रश्न सुटतील असें त्यांना कधींच वाटलें नव्हतें. आपल्या लोकांत चैतन्य यावें व स्वतःच्या स्थितीची त्यांना जाणीव व्हावी, यासाठीं तो मार्ग त्यांनीं पत्करला होता. दुसऱ्यानें धरलेला आरसा बाजूस सारून स्वतःचा आरसा हातीं घेणें, हेंच त्या सत्याग्रहाचें फळ. पुढें १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं याच जिल्ह्यांतील येवल्यास धर्मान्तराची घोषणा झाली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास ती प्रत्यक्षांत आली.

तोंवर नियमच उलटला होता. मुंबई प्रांताच्या १९४७ च्या कायद्यानें मंदिरें खुलीं झालीं, १९५० च्या राज्यघटनेनें अस्पृश्यता नष्ट केली. अडविणारा अपराधी ठरला. महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्यान्वयें तर सामाजिक बहिष्कार घालणारासच तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात.

यावरून प्रत्येक नियमभंग स्तुत्य, असें मात्र कोणीं समजूं नये. चोरहि नियम मोडतो. परंतु तो लपून मोडतो, शिक्षा चुकवूं पाहतो, आणि इतरांनीं मात्र नियम पाळावा अशी त्याची इच्छा असते, नाहीं तर त्याचाच माल चोरीस जावयाचा. सत्याग्रही दिवसाढवळ्या, नांव सांगून मोडतो, परिणाम अंगावर घेतो, आणि नियम सर्वांसाठींच बदलावा असें म्हणतो. ज्याला या दोघांतील भेद कळला, तो शिक्का मारण्यापूर्वीं क्षणभर थांबेल.

मंदिराचे दरवाजे कायद्यानें उघडतां येतात. घरांतील फळीवर वेगळी ठेवलेली कपबशी कायद्याला दिसत नाहीं. कामाला येणाऱ्या बाईला त्याच कपांत चहा मिळतो, आणि दाराशीं बसलेलें घरांतील मूल तें रोज पाहतें. त्याला कोणी कांहीं शिकवीत नाहीं, तरी तें शिकतें. आणि त्या बाईसोबत आलेलें तिचें मूलहि शिकतें. एकाच कपांतून दोन मुलांचे दोन ‘मी’ घडतात. “लोक काय म्हणतील?” असें म्हणून ती कपबशी बदलावयाची राहिली असेल, तर ज्या ‘लोकां’ना भ्यावयाचें, त्यांत त्या दोन मुलांचीहि गणना करावी.